पेन्सिलीखालचा नंबर

माझा भाचा बोटीवर असतो. रत्नागिरीत हे वाक्य इतके नेहमीचे आहे की पुढे कुणी काही विचारत नाही. सहा-सात महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी, आणि घरी असताना खिशात पैसा आणि हातात वेळ, दोन्ही. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "मामा, गोव्याला येता का? एक गाडी बघायची आहे. जुनी आहे. तुम्ही फक्त कागद बघा, बाकीचं मेस्त्री बघेल."

मी निवृत्त इतिहास-शिक्षक. मोटार मला चालवता येते, यापलीकडे त्या यंत्राशी माझा संबंध नाही. पण मोडी कागद वाचण्यात आणि देवळांच्या भिंतींवरचे लेख उतरवण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत. भाच्याचे म्हणणे असे, की ज्याला दोनशे वर्षांपूर्वीचा खोटा कागद ओळखता येतो त्याला पंचवीस वर्षांपूर्वीचा ओळखायला काय हरकत? हरकत नव्हती. त्या निमित्ताने मी पुढचे सहा महिने जे वाचले, पाहिले आणि हाताने घासले, त्याची ही हकीकत.

गाडी होती सॅन स्टॉर्म. आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती रस्त्यावर पाहिली असेल. दोनच माणसे बसतील एवढी, छप्पर कापडी आणि मागे दुमडता येणारे. मूळच्या रेल्वे इंजिने बांधणाऱ्या बंगळूरच्या सॅन उद्योगसमूहाची ही मोटार कंपनी. तिने गोव्यातल्या कारखान्यातून १९९८ साली ही गाडी बाजारात आणली. घडण फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपची, इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे, युरोपात क्लिओ या छोट्या गाडीत बसणारे. बॉडी फायबरची. साठ अश्वशक्तीला स्पोर्ट्स कार म्हणावे का, यावर भाच्याशी माझा कणकवलीपर्यंत वाद झाला. तो म्हणाला, "मामा, वजन बघा, आकडा नका बघू." ते खरे असावे.

मला महत्त्वाचे वाटले ते साल. त्याच १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. शेकडो वर्षे समुद्राकडे तोंड आणि घाटाकडे पाठ करून बसलेल्या या पट्ट्यात एकाच वर्षी रेल्वे आली आणि इथल्याच एका कारखान्यातून उघड्या छपराची गाडी बाहेर पडली. पहिली घटना आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात शिरली. दुसरी थोड्याच वर्षांत विझली.

त्याआधी स्पोर्ट्स कार म्हणजे आपल्याकडे काय होते? संस्थानिकांचे होते. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची चेसिस घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन जणांची लांबलचक स्पीडस्टर बॉडी चढवून घेतली. माणिकबागेसारखा आधुनिक राजवाडा बांधणारा हा मराठी राजा मोटारींच्या बाबतीतही तेवढाच पुढचा होता. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही गेले आणि राजवाड्यांची गॅरेजे रिकामी होऊ लागली. आपल्या देशात जुन्या शानदार गाड्यांचा बाजार मुख्यतः तिथून सुरू झाला. होळकरांची ती ड्यूसेनबर्गही देशाबाहेर गेली. सामान्य माणसाला मात्र परवान्यांच्या काळात अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड यांतच निवड करायची होती. मद्रासला १९६१ पासून बनणारी दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड हीच त्यातल्या त्यात तरुण गाडी. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी स्वतःच्या बळावर 'मीरा' ही छोटी मोटार बनवली, पण तिला कारखाना लाभला नाही. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

सांगायचे एवढेच, की भाच्याला जी गाडी घ्यायची होती ती थोड्याच संख्येने बनलेली, बनवणे थांबलेली, आणि जिचे इंजिन ज्या गाडीत बसे ती क्लिओ भारतात कधी विकलीच गेली नव्हती. अशी गाडी घेताना फसायला दोन वाटा असतात. एक लोखंडाची आणि दुसरी कागदाची. लोखंडातली फसगत पैसे खाते. कागदातली गाडीच खाते.

कागदाच्या फसगतीविषयी रत्नागिरीकराला कुणी शिकवायला नको. आमच्या किल्ल्यावर देशातला एक नामांकित तोतया राहून गेला आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, त्यानंतर काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम उभा राहिला. ओळखीची माणसे समोर आणून चौकशी झाली, तोतया ठरला, आणि कैदी म्हणून रत्नागिरीच्या किल्ल्यावर आला. १७७६ मध्ये इथले अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले. बघता बघता कोकणातली ठाणी त्याच्याकडे गेली, फौज जमली. वर्ष संपायच्या आत तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे ही गोष्ट आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. मला तिच्यात नेहमी कुतूहल वाटत आले ते परांजप्यांचे नाही, चौकशीचे. माणसाच्या अंगावर नंबर कोरलेला नसतो. चेहरा, आवाज, आठवणी, आणि ओळखणाऱ्यांची साक्ष, एवढ्यावर ठरवायचे.

मोटारीच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. सुरुवातीला प्रत्येक कारखाना आपल्या मनाने आकडे ठोकीत असे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलांपासून सतरा अक्षरांकांचा नंबर सक्तीचा केला. पहिली तीन अक्षरे बनवणारा कोण ते सांगतात. इटलीची सुरुवात झेडने होते, जर्मनीची डब्ल्यूने, भारतातल्या गाड्यांची एमने. आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरे त्यात मुळीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गोंधळतात. ज्याने हा नियम केला त्याने कधीतरी जुन्या वह्या वाचल्या असणार. मात्र इंग्रजी तीन आणि आठ तसेच राहिले. त्यावर पुढे येतो.

नंबर कोरलेला असला तरी तोतया होतोच. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी डीसी अवंती ही भारतीय बनावटीची स्पोर्ट्स कार ताब्यात घेतली. एकाच चेसिस नंबरावर एकाहून जास्त ठिकाणी नोंदणी झाल्याचा पोलिसांचा आरोप होता, आणि त्या प्रकरणात गाडीच्या निर्मात्यालाही अटक झाली. खटल्याचे कोर्ट बघेल. आपल्यापुरता धडा असा, की गाडी डोळ्यांसमोर उभी आहे, कागद हातात आहे आणि दोन्हींवर एकच नंबर आहे, एवढ्याने काम भागत नाही. तोच नंबर आणखी कुठे नांदतो आहे का, हेही बघावे लागते. परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदींत आणि चोरीच्या गाड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ते तपासता येते. भाच्याने हे सगळे मोबाइलवर हातखंब्याच्या चहाच्या टपरीत बसून केले. मला वाटले होते, त्यासाठी अर्ज करावा लागत असेल.

परदेशी गाडी असेल तर आणखी एक कागद लागतो, आणि त्याचे आपल्याकडचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण सचिन तेंडुलकरच्या फेरारीचे. ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ च्या जुलैमध्ये मायकेल शूमाखरच्या हस्ते सिल्व्हरस्टोनला त्याला लाल ३६० मोडेना मिळाली. गाडी देशात आणताना सुमारे एक कोटी तेरा लाखांचे सीमाशुल्क माफ करण्याचा निर्णय झाला, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर ते पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. त्या खरेदीदाराला गाडीचा मालक कोण होता हे अख्खा देश सांगू शकला असता. तरीसुद्धा शुल्क भरल्याची पावती हाच तिचा खरा जन्मदाखला. आजही जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागते आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. तेव्हा कुणी पंधरा वर्षांची परदेशी स्पोर्ट्स कार दाखवून 'मागच्या वर्षीच बाहेरून आली' म्हणाला, तर उठून चालू लागावे.

गोव्याला आम्ही चौघे गेलो. भाचा, मी, पाली नाक्याजवळ गॅरेज असलेला मेस्त्री, आणि मिरकरवाड्याचा एक फायबरवाला. हा चौथा माणूस माझी भर. मिरकरवाडा बंदरात आता लाकडी होड्यांबरोबर फायबरच्या होड्याही पुष्कळ असतात, आणि त्या दुरुस्त करणारी माणसे तिथेच मिळतात. फायबरची बॉडी असलेली गाडी बघायला पत्र्याचे डेन्टिंग करणारा कशाला न्यायचा? अमेरिकेत शेव्हरोलेने १९५३ मध्ये पहिल्या वर्षी तीनशे कॉर्व्हेट गाड्या फायबरच्या बॉडीने काढल्या, तेव्हापासून थोड्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या सगळ्यांना या वस्तूचा मोह पडत आला आहे. पत्र्यासाठी प्रचंड प्रेस लागतात. फायबरला साचा, काचतंतूंची चटई, राळ आणि हात. होडीला लागते तेच.

गाडी बार्देशातल्या एका घराच्या पडवीत उभी होती. मालक सत्तरीचे गृहस्थ, नोकरीतून निवृत्त. १९९९ ची नोंदणी, त्यांनी २००३ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतलेली. बोलणे सावकाश, मराठी उत्तम. आम्ही येणार म्हणून त्यांनी गाडी धुऊन ठेवली होती. मेस्त्रीने आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवला. गार होते. तो माझ्याकडे बघून हसला. विकणारा गाडी आधी गरम करून ठेवतो ते इंजिनाची सकाळची कुरकुर लपवण्यासाठी. इथे तसे काही नव्हते.

फायबरवाल्याने खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि देवळातला गुरव जसा एकेक पायरी उतरतो तसा तो गाडीभोवती एकेक वीत सरकत नाणे वाजवत गेला. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मागच्या डाव्या चाकावर एकदम बद्द. "हंयसर भरलां हा," तो म्हणाला. पत्र्याच्या गाडीत हीच परीक्षा लोहचुंबकाने करतात; पुट्टी भरली असेल तिथे चुंबक धरत नाही. फायबरला चुंबक कुठेच धरत नाही, तेव्हा कानावर भिस्त. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर तिथे ठोकर बसली आहे असे समजायचे. ते पुढच्या बाजूला कुठे नव्हते. मागची ठोकर जुनी होती, मालकांनी विचारायच्या आत सांगितली.

मग मेस्त्री गाडीखाली गेला, आणि खरी गोष्ट तिथे होती. पत्र्याची गाडी गंज फार दिवस लपवू शकत नाही, दाराखाली बुडबुडे येतातच. फायबरची बॉडी शेवटपर्यंत तुकतुकीत राहते आणि आतला लोखंडी सांगाडा कुजत जातो. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, गोव्यातही तीच तऱ्हा, आणि हवेत बारा महिने मीठ. मेस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सांगाड्याचे नळ टोचत टोचत पाहिले. जिथे पाणी साठते ते कोपरे, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन धरणारे बोल्ट. आतले पायपुसणे आणि त्याखालचा गालिचा उचलून हात दाबला. कोरडा. छपरावर बादलीभर पाणी ओतून पाहिले. उजव्या खिडकीच्या कोपऱ्यातून धार लागली. ती मालकांनाही ठाऊक नव्हती, त्यांना वाईट वाटले. शेवटी मागच्या बाजूच्या एका नळात स्क्रू ड्रायव्हर अर्धा इंच आत गेला. मेस्त्री बाहेर आला आणि म्हणाला, "कापून वेल्ड करावं लागेल. होईल. पण पैसे कमी करा."

बाकीचे भराभर सांगतो. थंड इंजिन सुरू करताना आणि वेग सोडून पुन्हा देताना सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघितले, नव्हता. तेलाचे झाकण उघडून आत पांढरा साय-थर आहे का पाहिले. पाणी आणि तेल मिसळले की तो धरतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकद दिली. क्लच सरकत असेल तर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी तिथेच राहते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी नवी दिसत होती आणि आकडे सांगत होते २०११. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. टायमिंग बेल्टचेही तेच. मालकांनी प्रांजळपणे सांगितले, की तो कधी बदलला ते आठवत नाही. स्पोर्ट्स कार घेणारे लोक नेहमी विचारतात, किती पळाली? मेस्त्रीचे मत असे, की अशा गाडीला विचारायचा प्रश्न 'किती उभी राहिली' हा आहे.

आता माझे काम.

आरटीओच्या मालकी-बदलाच्या अर्जावर चेसिस नंबराचा पेन्सिलीने काढलेला ठसा लावावा लागतो. गाडी विकलेल्या प्रत्येकाने तो कागदाचा चिटोरा पाहिलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मी दिले, कारण मी आयुष्यभर हेच केले. शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवतात. इथे कोरडा पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. तत्त्व एकच: डोळा वाचू इच्छितो ते वाचतो, कागद जे आहे ते उचलतो. मी रॉकेलच्या बोळ्याने नंबराची जागा पुसली, खरवडली नाही. खरवडले की कोरीव काम जाते, दगडाचे तसेच लोखंडाचे. नंबराभोवती ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, अक्षरांची कमीजास्त खोली, एखादाच आकडा वेगळ्या वळणाचा, पट्टी कापून जोडल्याची वेल्डिंगची रेघ, यांपैकी काही दिसते का पाहिले. नव्हते. मग कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली.

आरसीच्या कार्डावर शेवटून दुसरा आकडा तीन होता. ठशात आठ आला.

मी दुसरा कागद घेतला. पुन्हा आठ. विमा पॉलिसी पाहिली, तिच्यावर तीन. भाच्याचा चेहरा उतरला. माझ्या तोंडून निघून गेले, "हा नंबर या गाडीचा नाही." वाक्य चुकीच्या माणसासमोर बोललो हे मला त्याच क्षणी कळले. मालक काही बोलले नाहीत. आत गेले, पाणी घेऊन आले, आणि म्हणाले, "वीस वर्षं ही गाडी माझ्या पडवीत आहे. चोरीची आहे असं तुम्ही म्हणता का?" मी नाही म्हणालो, पण ते 'नाही' मलाच अपुरे वाटले. दीडेकशे मैल आलेला मी एका सभ्य माणसाला त्याच्याच घरात तोतया म्हणून बसलो होतो.

परतीच्या वाटेवर मला एक खटला आठवत होता. लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० मध्ये चाललेला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली, जिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. एक कोटी पौंडांना तिचा सौदा झाला आणि घेणाऱ्याने म्हटले, ही ती गाडीच नव्हे. इंजिन बदलले, सांगाडा बदलला, बॉडी तर कितीदा बदलली. त्याच गाडीत १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला क्लाइव्ह डनफी मरण पावला होता, तेव्हाच तिच्यात मूळचे कमी उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी पुष्कळ साक्षी ऐकल्या आणि निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. मूळ स्वरूपातली गाडी आता अस्तित्वात नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ही नक्कलही नाही. एकेका बदलातून, मधला धागा न तुटता, जी चालत आली ती हीच. एकेक फळी बदललेले गलबत त्याच नावाने बंदरात येते, हे कोकणात कुणाला पटवावे लागत नाही. पण बेंटलीच्या बाबतीत धागा सापडला तो कागदांमुळे. मी तर पडवीत दोनच कागद बघून निकाल दिला होता.

आणि ते दोन कागदही दोन साक्षी नव्हत्या. हे मी मुलांना शिकवत आलो होतो: एकाच पोथीवरून केलेल्या दोन नकला म्हणजे साक्ष एकच. विमावाल्याने नंबर लोखंडावरून घेतला नव्हता, कार्डावरून घेतला होता. कार्डावर तो कुठून आला? नोंदी जेव्हा वहीतून संगणकात गेल्या तेव्हा कुणीतरी हाताने लिहिलेली पुस्तिका वाचून भरला असणार. मी रात्री मालकांना फोन केला, आधी माफी मागितली, आणि विचारले, जुनी आरसीची पुस्तिका, पहिल्या मालकाचे बिल, काही आहे का? ते म्हणाले, "सगळं आहे. तुम्ही मागितलं नाहीत."

चार दिवसांनी मी एकटा एसटीने गेलो. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, खाली १९९९ चे विक्रीबिल. बिल छापील होते आणि त्यात आठ होता. पुस्तिकेतला आकडा निळ्या शाईचा, लिहिणाऱ्याने आठचे डावे वळण पुरते मिटवले नव्हते. भिंगाखाली तो आठ. घाईत तीन. बिल, पुस्तिका आणि लोखंड या तीन स्वतंत्र साक्षी एका बाजूला. कार्ड आणि त्याची नक्कल दुसऱ्या बाजूला. तोतया गाडी नव्हती. लेखनिकाची डुलकी होती.

मात्र तेवढ्याने गाडी घेता येत नाही. इंजिन नंबर, रंग, बोजा (बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद, जमिनीच्या सातबाऱ्यासारखेच, फेडले तरी उतरवावे लागते) हे सगळे जुळत होते. पण चुकीच्या नंबरावर मालकी बदलली असती तर तो तीन भाच्याच्या गळ्यात पडला असता. अपघात झाला आणि विमा कंपनीने ठसा मागितला तर? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि परराज्यात पंचेचाळीस दिवसांत विक्री कळवायची असते. लोक ते हसण्यावारी नेतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, की गाडी चार हात फिरली तरी नोंदीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. हे मी मालकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे नाव बदलेपर्यंत काळजी मला, नंतर तुम्हाला." इतक्या थोडक्यात मी कधी कायदा ऐकलेला नाही.

दुरुस्तीचा अर्ज मालकांनीच करायचा होता. प्रतिज्ञापत्र, बिल, पुस्तिका, आणि निरीक्षकासमोर गाडी उभी करून ठसा. साडेतीन महिने लागले. मधल्या काळात भाच्याची रजा संपली. त्याला पैसे देऊन गाडी उचलायची होती, कागद मागाहून होतील असे त्याला दहा जणांनी सांगितले होते. मी बयाण्यापलीकडे एक रुपया देऊ दिला नाही. ताई माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. "पोराला एक हौस, तीही तुझ्या पोथ्यांनी अडवली," असे तिने शेजारी सांगितल्याचे कळले. मधल्या काळात मालकांकडे मुंबईचा एक गिऱ्हाईक जास्त पैसे घेऊन आला होता, हे मला नंतर समजले. त्यांनी त्याला परत पाठवले. का, ते मी विचारले नाही.

मार्चअखेर दुरुस्त कार्ड आले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची असते. १९९९ ची गाडी म्हणून तेही याच वर्षी आले. २०२२ पर्यंत सहाशे रुपयांत होणाऱ्या त्या कामाला २०२४ मध्ये पाच हजार लागत होते. मग ना-हरकत दाखला, एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज, इकडचा कर, जुन्या गाडीचा पर्यावरण कर. सांगाड्याचा नळ मेस्त्रीने कापून नवा बसवला, बेल्ट आणि चारी टायर बदलले. किमतीत चाळीस हजार कमी झाले होते, ते त्यातच गेले आणि वर आणखी गेले. छपराचा कोपरा अजून गळतो.

मे महिन्यात गाडी रत्नागिरीला आली. भाचा बोटीवरच होता, म्हणून त्याच्या वतीने मीच तिला तपासणीसाठी इथल्या आरटीओत घेऊन गेलो. उन्हात रांग होती, रिक्षा, टेंपो, आणि मध्ये ही बुटकी लाल गाडी, टोपी घातलेला मी आत. निरीक्षकाने तिच्याभोवती एक फेरी मारली, कार्ड पाहिले, बॉनेट उघडायला सांगितले. मी खिशातून पेन्सिल आणि कागद काढून स्वतःच ठसा घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, कार्डाशी एकेक आकडा ताडून पाहिला आणि शेवटून दुसऱ्यापाशी थांबला.

"हा पुसट आलाय, काका," तो म्हणाला. "दुसरा काढा."